वहिनी-ब्रेक

४ जानेवारी, रविवार

निळ्या फुलांची रजई सापडली. कपाटभर शोधत होते, आणि ती गॅरेजमध्ये राखाडीच्या बोनेटवर! विचारलं तर हे म्हणतात, "थंडीत इंजिन आखडतं." म्हटलं, माझे गुडघे आखडतात त्याचं काय? तर म्हणे, "तुला हँडल मारून सुरू करावं लागत नाही ना."

सवतच आहे ती. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी यांनी भंगारातून उचलून आणली. गोल दिवे, चार दरवाजे, राखाडी रंग, म्हणून राखाडी. पंपिंग स्टेशनच्या नोकरीतली प्रत्येक सुट्टी तिच्या पोटाखाली घालवली. मी पोस्टाच्या खिडकीतून दमून घरी यायची तेव्हा गाडीखालून दोन पाय दिसायचे. त्या पायांशी बोलत संसार केला मी.

जुन्या गाड्यांच्या क्लबचा हिवाळी मेळावा १८ तारखेला. नेहमीचाच पब, नदीकडच्या रस्त्यावरचा. हे आतापासूनच दिवे पुसायला लागलेत.

६ जानेवारी

दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

यांना काचबिंदू आहे. डावीकडचं जवळजवळ गेलंय. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी बाहेर बाकावर होते. हे बाहेर येऊन म्हणाले, "थेंब घालायचेत. बाकी काही नाही." संध्याकाळी कोट झटकताना कागद मिळाला. थेंब होतेच. खाली लिहिलं होतं, 'वाहन चालवू नये', आणि त्याखाली दोन रेघा. मी कागद घडी करून जागच्या जागी ठेवला. मी बोलले नाही, हेही बोलले नाहीत.

पण खरं तर मला त्याच्याही आधीपासून कळलं होतं. गेल्या जानेवारीत भाजीच्या दुकानाजवळ एक सायकलवाला डावीकडून आला आणि यांना पत्ताच नाही. मी ओरडले, "डावीकडे सायकल!" तेव्हापासून सुरू झालं. पुढे खड्डा. सिग्नल लाल. ट्रक थांबलाय, हळू. उजवीकडे मोकळं आहे, चला. वर्षभर माझी टकळी चालू आहे. क्लबात मला नाव पडलंय, वहिनी-ब्रेक. "भाऊ, तुमच्या गाडीला तीन ब्रेक. पायाचा, हाताचा आणि वहिनींचा." सगळे खो खो हसतात. हेही हसतात. मीही हसते, करणार काय!

एकदा मुद्दाम गप्प बसून पाहिलं. चौकापर्यंत जेमतेम गेलो असू. हे गाडी कडेला घेऊन म्हणाले, "आज बरं नाही का तुला?" म्हणजे यांनाही माहीत आहे, मी का बोलते ते. आमचं न बोलता ठरलेलं आहे.

७ जानेवारी

धुकं. दिवसभर धुकंच धुकं. कपडे वाळले नाहीत.

९ जानेवारी

सरांचा फोन. सर म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, निवृत्त भूगोल शिक्षक. अजून वर्ग घेतल्यासारखेच बोलतात. "वहिनी, आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. या वर्षी चिठ्ठ्या तुम्ही करा. पोस्टातलं अक्षर तुमचं."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. चिठ्ठ्या! मी विसरूनच गेले होते.

मेळाव्याचा हा एक खेळ आहे. जेवणाआधी सगळ्या गाड्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत येतात. पंधरा-वीस मिनिटांची फेरी. पण स्वतःचं माणूस शेजारी बसवायचं नाही. प्रत्येक ड्रायव्हरने चिठ्ठी काढायची आणि ज्याचं नाव येईल त्याला बसवायचं. सरांचं म्हणणं, घरचं माणूस शेजारी असलं की कोणी गाडी मनापासून चालवत नाही.

गेल्या वर्षीही ही फेरी झाली होती. यांच्या शेजारी कोण होतं तेही आठवत नाही. सायकलवाल्याचा प्रसंग त्याच्यानंतरचा. या वर्षी शेजारी परका माणूस असणार, आणि डावीकडून कोण येतंय ते यांना सांगणार कोण?

१० जानेवारी

झोप नाही. चहात दोनदा साखर घातली.

यांना सरळ सांगावं का, की फेरीला जाऊ नका? सांगितलं तर कारण बोलावं लागेल. कारण बोललं की ते खरं होणार. मग राखाडी विकायची आणि हे खिडकीत बसणार. पंपिंग स्टेशन सुटलं तेव्हा तीन महिने खिडकीत बसले होते, मी पाहिलंय. माणूस वाळत जातो.

आणि नाही सांगितलं, आणि कोणाला काही झालं, तर? इकडे आड, तिकडे विहीर.

१२ जानेवारी

मिस्त्रींकडे गेले होते. क्लबातल्या सगळ्या गाड्यांचं दुखणंखुपणं त्यांच्याच गॅरेजमध्ये. स्वतःची गाडी नाही, मेळाव्याला सरांच्या गाडीतून येतात. म्हणजे त्यांचीही चिठ्ठी असणार. माझा बेत असा की यांच्या हाताला मिस्त्रींचीच चिठ्ठी लागेल असं काहीतरी करायचं. मिस्त्री शेजारी असले म्हणजे वेळ पडली तर हँडब्रेक ओढतील. पण त्यासाठी त्यांना सांगायला हवं.

सांगितलं. मिस्त्री कार्बोरेटर धूत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे वहिनी. डावा मडगार्ड तीनदा ठोकून सरळ केलाय मी."

तीनदा? मला एकदाचंही ठाऊक नाही!

"भाऊ म्हणाले, घरी बोलू नकोस."

म्हणजे हे एकटे गाडी काढतात. मी वाचनालयात गेले की काढत असणार. आणि एकदा, मिस्त्री म्हणाले, डिसेंबरात, दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या खांबाला घासली होती. म्हटलं, त्या दिवशी तर मी शेजारीच होते! फुटपाथला चाक लागलं असं वाटलं होतं मला. धुकं किती दाट होतं त्या दिवशी.

"धुकं?" मिस्त्री म्हणाले, आणि बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "बसतो मी त्यांच्या शेजारी. पण तुमच्यासारखं ओरडायला जमणार नाही. लाजतो मी."

त्यांना शिकवलं. डावीकडे सायकल, असं पोटातून म्हणायचं. पुढे माणूस, असं जरा चढ्या आवाजात. पन्नाशीचा माणूस गॅरेजमध्ये उभा राहून लाजत लाजत "पुढे माणूस" म्हणत होता. हसू आलं, आणि मग रडूच आलं.

१३ जानेवारी

यांना मडगार्डबद्दल विचारलं नाही. चिडले आहे, तरी नाही विचारलं.

१५ जानेवारी

शेवटचा प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, "या वर्षी मेळाव्याला बसने जाऊ या का? थंडी फार आहे."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "गाड्यांच्या मेळाव्याला बसने? अगं, पोहायला जाताना पाणी घरी ठेवून जातात का?"

मग बराच वेळ गॅरेजमध्ये होते. परत आले तेव्हा हाताला पॉलिशचा वास. म्हणाले, "दिव्यात तोंड दिसेल इतका चमकवलाय." खूश होते. बायकोला माहीत आहे, मिस्त्रीला माहीत आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणि हा माणूस दिवा चमकवून खूश. किती राग आला! आणि किती माया. दोन्ही एकदम येतं हे या वयात कळतंय.

१७ जानेवारी

खिडकीतल्या उजेडात बसून चिठ्ठ्या लिहिल्या. नऊ गाड्या, नऊ चिठ्ठ्या. मिस्त्रींच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवला. एकोणतीस वर्षं पोस्टात काढली, एक पत्र इकडचं तिकडे केलं नाही, आणि आता चौसष्टाव्या वर्षी लबाडी!

१८ जानेवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

सकाळी निघालो. हँडल तिसऱ्यांदा मारल्यावर राखाडी सुरू झाली. वाटभर मी बोलत होते, हे चालवत होते. पबच्या अंगणात आधीच सात गाड्या. डेंटिस्टची लाल दोन दरवाज्यांची गाडी नवीन आलेली. तो, त्याची बायको आणि चार वर्षांची लेक. लेकीने राखाडीच्या दिव्यात तोंड पाहून जीभ काढली. हे विरघळले. "बघ, चमकवल्याचं सार्थक झालं."

आत शेकोटी पेटलेली, ओल्या कोटांचा वास, काचांवर वाफ. मालकीणबाईंनी लांब टेबल आमच्यासाठी ठेवलं होतं. फेरी होईपर्यंत ड्रायव्हरांना फक्त सूप, बिअर नंतर, हा क्लबचा नियम. हे सूप भुरकत होते. कोणीतरी म्हणालं, "काय भाऊ, आज ब्रेक तपासून आणलात ना?" आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. हसा, म्हटलं मनात.

सरांनी माझ्या हातून चिठ्ठ्या घेतल्या आणि एकेक उघडून, नावं तपासून, पुन्हा आपल्या हाताने घडी घातली. शाळेची सवय! माझा दुमडलेला कोपरा गेला. नऊच्या नऊ सारख्या.

मग मी "एक नाव राहिलंय वाटतं" असं काहीतरी पुटपुटत चिठ्ठ्या कोपऱ्यातल्या टेबलावर नेल्या आणि भराभर उघडून पाहिल्या. तिथला दिवा पिवळा, मिणमिणता, त्याच्याभोवती नुसतं तेजाचं कडं. त्यात कोणाला धड वाचता येणार! तरी मिस्त्रींची सापडली. तळहातात धरली, बाकीच्या मालकीणबाईंच्या बिअरच्या रिकाम्या जगमध्ये टाकल्या.

यांची पाळी आली तेव्हा जग पुढे करताना ती चिठ्ठी यांच्या बोटांखाली सरकवली. कोणाला काही कळलं नाही. यांनी उघडली, हात लांब केला, जवळ आणला, मग सरांकडे दिली. "वाचा हो तुम्हीच."

सरांनी वाचलं. डेंटिस्टची बायको.

मी चुकीची उचलली होती! मिस्त्री माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. ती बिचारी टाळ्या वाजवत उठली. "मला याच गाडीत बसायचं होतं! काका, पिलूला मांडीवर घेतलं तर चालेल ना?" आणि ती लहानगी आईच्या आधी दाराकडे पळाली.

हे म्हणाले, "चालेल की. पुढेच बसा."

पुढे. डावीकडे.

मी उभी राहिले. आवाज माझा नव्हता असं वाटतं. म्हटलं, "यांना डावीकडचं दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीय. वर्षभर मी शेजारून सांगते म्हणून चालवतात. म्हणून बोलते मी. मूल घालू नका त्या गाडीत."

डेंटिस्टच्या बायकोने लेकीला उचलून घेतलं. सरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मी यांच्याकडे बघितलंच नाही, बघवेना.

हे सावकाश उठले. राखाडीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. मग काउंटरकडे वळून म्हणाले, "मालकीणबाई, मला एक बिअर."

इतक्या वर्षांत फेरीच्या आधी यांनी बिअर मागितली नव्हती.

बाकीच्या गाड्या गेल्या. आम्ही दोघं आणि मिस्त्री तिथेच बसलो. मिस्त्रींनी परत येताना राखाडी चालवली. हे शेजारी, मी मागे. वाटेत दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

१९ जानेवारी

बोलत नाहीत. जेवले. थेंब स्वतःच घातले.

२० जानेवारी

बोलत नाहीत. रजई माझ्या पलंगावर आणून ठेवली आहे, धुऊन, घडी घालून. गॅरेजला कुलूप.

हे वाईट. भांडले असते तर बरं झालं असतं.

२२ जानेवारी

आज बोलले. मी भांडी घासत होते, मागून येऊन उभे राहिले.

"सगळ्यांसमोर?"

मी म्हटलं, "घरात सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

यांनी हात पुढे करून नळ बंद केला. मग म्हणाले, "नसतं ऐकलं."

मग स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. एकटे गाडी काढायचे ते. नदीपर्यंत जायचे आणि यायचे. "मला बघायचं होतं तुझ्याशिवाय जमतंय का." जमत नव्हतं. डेंटिस्टच्या बायकोने पिलूला मांडीवर घेऊ का विचारलं तेव्हा घाम फुटला होता म्हणाले, पण तोंडातून "चालेल की" निघून गेलं. "तू बोलली नसतीस तर मी गेलो असतो गं. तेच मला झोपू देत नाही."

मी साबणाच्या हातानेच यांचं डोकं छातीशी धरलं. हे रडले. मी नाही रडले, कोणीतरी एकाने सावध राहायला हवं. वर्षभराची सवय.

२४ जानेवारी

सरांचा फोन. म्हटलं आता क्लबातून नाव काढतात. तर सर म्हणाले, "वहिनी, आम्ही सगळे वर्षभर तुमची थट्टा करत होतो. लाज वाटते." आणि म्हणाले, गाडी चालती राहिली पाहिजे, ड्रायव्हर कोण ते तुम्ही ठरवा.

हे शेजारी कान देऊन ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मी ठरवलंय. तू."

म्हटलं, वेड लागलंय का? मला सायकलसुद्धा येत नाही.

"गाडी काय, मी शिकवेन. गिअर, क्लच सगळं शिकवता येतं. नजर शिकवता येत नाही, आणि तुझी नजर घारीची आहे. वर्षभर बघतोय की मी."

मी नाही नाही म्हणत राहिले. पण खरं लिहायचं तर कानशिलं गरम झाली आनंदाने. राखाडीची किल्ली यांनी माझ्या हातात ठेवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

२५ जानेवारी

मिस्त्रींच्या गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात नेली. मिस्त्री शेजारी, हे मागच्या सीटवर. क्लच सोडला की राखाडी बेडकासारखी उडी मारते आणि बंद पडते. अकरा वेळा बंद पडली. बाराव्यांदा चालली! मैदानभर एक फेरी मारली. मागून हे ओरडत होते, "हळू! हळू! स्टिअरिंग सरळ!"

मिस्त्री म्हणाले, "आता भाऊ-ब्रेक."

यांचं हसू किती दिवसांनी ऐकलं. चेहऱ्यावर रंग आलाय. आज खिडकीत बसले नाहीत, वही घेऊन माझ्यासाठी गिअरचं चित्र काढत बसले, मोठ्या मोठ्या रेघांनी. पुढच्या हिवाळ्यात राखाडी मेळाव्याला जाणार. मी नेणार.

२७ जानेवारी

शिकाऊ लायसन्सचा फॉर्म आणला. वय जास्त म्हणून डॉक्टरांचा दाखला लागतो, डोळ्यांचासुद्धा. हे म्हणाले, माझ्याच डॉक्टरांकडे जाऊ, पाच मिनिटांचं काम आहे.

२९ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, तक्त्यावरची चौथी ओळ वाचा. मी म्हटलं, चौथी कुठली, दोनच तर आहेत.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगला पिकलेला. दीड-दोन वर्षांचा तरी असेल म्हणाले. ऑपरेशन होईपर्यंत रस्तासुद्धा एकटीने ओलांडायचा नाही.

बाहेर येऊन बाकावर बसलो. यांनी हळूच विचारलं, "मग वर्षभर आपली गाडी चालवत कोण होतं?"